उजेड, एकेक घर खाली

प्राचीच्या लॅपटॉपचा उजेड कुणीतरी वाढवून ठेवतं, ही तक्रार तिनं पुन्हा एकदा केली तेव्हा तिच्या आईनं, अंजनानं, सरळ मांजरावर आळ घेतला. "ते बसतं त्याच्यावर ऊबंला. पाय पडत आसंल कुठंतरी," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला आत गेली. मांजर उंबऱ्यावर बसून पंजा चाटत होतं. त्याला या आरोपाचं काही सोयरसुतक नव्हतं.

लॅपटॉप कंपनीचा. शिक्रापूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्राची ड्रॉइंग तपासायची. दिवसभर बारीक रेषांकडे बघून डोळे आंबून जायचे, म्हणून ती स्क्रीनचा उजेड निम्म्यावर ठेवी. आठवडाभर शिक्रापुरात मैत्रिणींबरोबर खोली, शनिवारी संध्याकाळी दौंडला घरी, सोमवारी पहाटे परत. घरी आली की रविवारची सकाळ लॅपटॉप तिच्या पप्पांचा. ती उठायच्या आत ते तो उघडून बसलेले असत, आधी पेपर आणि मग कुस्त्या. रविवारी रात्री प्राचीनं झाकण उघडलं की डोळ्यांत कुणी बॅटरी मारावी तसा उजेड अंगावर यायचा. हे दिवाळीपासून चाललं होतं आणि आता संक्रांत जवळ आली होती.

मांजराचा यात हात नाही हे सांगायला शेरलॉक लागत नव्हता. पण पप्पांवर संशय घ्यावा तर तेही अवघडच होतं. कारण उजेडाच्या बाबतीत पप्पांसारखा, नागसेनसारखा, चिक्कू माणूस साऱ्या रेल्वे कॉलनीत नव्हता. ज्या खोलीत माणूस नाही त्या खोलीत दिवा दिसला की त्यांचा तिळपापड व्हायचा. घरात पहिल्यांदा फ्रीज आला तेव्हा दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, हे त्यांनी दाराच्या खाचेतलं बटण बोटानं दाबून स्वतः बघितलं होतं. अंजना त्यावरून अजून त्यांना छळते. असा माणूस लॅपटॉपचा उजेड टोकाला नेऊन तसाच सोडून देईल, हे पटत नव्हतं.

"पप्पा, तुम्ही वाढवता का हो?" तिनं एकदा विचारलंच होतं.

"तुझ्या कंपनीनं लॅपटॉपच अंधारा दिलाय," पप्पा म्हणाले होते. "भंगारातला हाय. बदलून घे."

बदलून घ्यायचं काही कारण नव्हतं, म्हणून विषय तिथंच राहिला.

कोडं सुटलं शुक्रवारी, कंपनीत, चहाच्या सुट्टीत. प्राचीच्या शेजारच्या टेबलावर बसणारी सुमैया रोज शिरूरहून ये-जा करायची. शिरूरला तिच्या भावाचं, अफताबचं, चष्म्यांचं दुकान होतं. चहाचा कप फुंकत सुमैया म्हणाली, "तुझ्या पप्पांचं नाव पोपटराव आहे, हे कधी बोलली नाहीस तू."

"पोपटराव? माझ्या पप्पांचं नाव नागसेन."

"मग ते कोण आले होते भाईच्या दुकानात? पोपटराव म्हणूनच नाव सांगितलं त्यांनी. पण पोरगी प्राची म्हणाले, शिक्रापूरला ड्रॉइंग तपासते म्हणाले, साहेब तिच्या शब्दाबाहेर नाहीत म्हणाले. अर्धा तास तुझंच कौतुक चाललं होतं. भाई म्हणतो, डोळे तपासायला आले होते का पोरीसाठी स्थळ बघायला?"

दौंडला चष्म्याची दुकानं काय थोडी आहेत? ती सोडून माणूस शिरूरला जातो, कारण दौंडात त्याला सगळे ओळखतात. नाव खोटं सांगतो. आणि मग पोरीचं कौतुक केल्याशिवाय राहवत नाही म्हणून सगळं मुसळ केरात घालतो. हे करावं तर तिच्या पप्पांनीच.

"काय म्हणाला अफताबभाई?" तिनं विचारलं.

सुमैयाला वाटलं होतं, घरात माहीत असणार. ती सहज म्हणाली, "चष्म्यानं भागायचं नाही म्हणाला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू दिसतोय, डॉक्टरला दाखवा. दाखवलं ना त्यांनी? आता काय गं, सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. आमच्या खालाचं झालं की." मग प्राचीचा चेहरा बघून ती थांबली. "काय करतात पप्पा तुझे?"

"मालगाडी चालवतात," प्राची म्हणाली.

सुमैयानं कप खाली ठेवला. तेवढ्यात सुट्टी संपली.

शनिवारी संध्याकाळी प्राची घरी पोचली तेव्हा बाहेरच्या खोलीत नवा दिवा लागला होता. असा पांढराफेक की भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवरची धूळसुद्धा मोजून घ्यावी. "बघ की," अंजना खुशीत होती, "तुझ्या पप्पाला कधी न्हाई ती बुद्धी झाली. आपणहून आणला. मला तर लग्नाच्या मांडवात बसल्यागत वाटतंय." पप्पा गादीवर बसून टीव्ही बघत होते. प्राचीनं त्यांच्या डोळ्यांकडं निरखून बघितलं. डोळे रोजच्यासारखेच होते. बघून काय कळणार?

रात्री अंथरुणावर तिला एकेक गोष्ट आठवत गेली. विहारात दर रविवारी ग्रंथवाचन पप्पाच करायचे. गेले काही महिने त्यांचा घसा बसला होता आणि वाचायला दुसरंच कुणीतरी बसत होतं. घसा रविवारपुरताच बसायचा. सोमवारी फोनवर "जय भीम" असं खणखणीत यायचं की कानापासून फोन लांब धरावा. मोबाइलवरची अक्षरं मात्र त्यांनी मोठी केली नव्हती. अक्षर मोठं केलं की शेजारून जाणाऱ्यालाही कळतं, माणूस म्हातारा झाला. उजेड वाढवलेला कुणाच्या लक्षात येतो? पप्पांचा हा हिशेब तसा पक्का होता. लॅपटॉप परत देताना उजेड पुन्हा खाली आणायचा तेवढा राहून जायचा, कारण त्यांच्या डोळ्यांना तो वाढलेला वाटतच नसे.

तरी प्राचीच्या मनाला आशा होती. असेल थोडंसं. जवळचं धूसर दिसत असेल, लांबचं स्वच्छ दिसत असेल. वयानं होतं तसं. माणूस नको असलेल्या गोष्टीला लहान करून बघतो, तशी ती रात्रभर त्या मोतीबिंदूला लहान करत राहिली.

रविवारी सकाळी नेहमीची बैठक बसली. ही त्या घराची जुनी रीत. अंजना जमिनीवर मेथी निवडत बसणार, पप्पा तिला पेपर वाचून दाखवणार. आधी कागदी पेपर होता, आता लॅपटॉपवरचा. पप्पांना बोटानं पान सरकवणं काही जमलं नव्हतं. ते म्हणायचे "खाली घे" आणि प्राची शेजारी बसून खाली घ्यायची. म्हणजे तिचा हात कळफलकावर असणं हे नेहमीचंच. उजेड वाढलेलाच होता. आज तिनंच झाकण उघडल्या उघडल्या तो वर नेऊन ठेवला होता, मुद्दाम.

"इनामगावच्या शिवारात बिबट्या," पप्पांनी सुरुवात केली. आवाज खडा. "इनामगाव, वार्ताहर. येथील घोड नदीकाठच्या उसात बिबट्याचा वावर आढळून आल्याने शेतकऱ्यांमधी भीतीचं वातावरण हाय."

"आगं बाई," अंजना म्हणाली.

लॅपटॉपवर वरच्या रांगेत दोन बटणं असतात, एकावर लहान सूर्य, दुसऱ्यावर मोठा. प्राचीनं लहान सूर्य दाबला. उजेड एक घर खाली आला. पप्पा वाचत राहिले. "वन विभागाने दोन पिंजरे लावले असून..." तिनं पुन्हा दाबला. आणखी एक घर. पप्पांनी मान थोडी पुढं घेतली. "...ग्रामस्थांनी रात्री एकट्याने बाहेर पडू नये, असं आवाहन करण्यात आलं हाय." अजून एक घर. तिच्या स्वतःच्या डोळ्यांना सगळं नीट वाचता येत होतं. ती रोज काम करायची त्याहून अजून जास्तच उजेड होता.

तिला वाटत होतं, आता ते थांबतील. म्हणतील, "अगं, दिसंना झालं, जरा वाढव." एवढं म्हटलं असतं तर ती हसून मोठा सूर्य दाबणार होती आणि दुपारी शांतपणे डॉक्टरचा विषय काढणार होती. तिनं मनात वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

तिनं आणखी एक घर खाली घेतलं.

पप्पा क्षणभर थांबले. नाकावरचा चष्मा वर सरकवला. आणि मग काही झालंच नाही अशा आवाजात पुढं निघाले. "पिंजऱ्यात शेळी बांधली व्हती. पण बिबट्या हुशार. त्यानं शेळीकडं ढुंकून पण बघितलं न्हाई."

प्राचीनं स्क्रीनकडं बघितलं. तिथं शेळी नव्हती. तिथं बातमी संपलेली होती.

"मग?" अंजनाचा मेथीचा हात थांबला होता.

"मग काय, माणसं जमली. आरडाओरडा झाला. बिबट्या बिथरला आन् त्यानं थेट नदीत उडी घेतली."

प्राचीनं पान खाली सरकवलं. पुढची बातमी कुठल्याशा शाळेच्या स्नेहसंमेलनाची होती. फेटे बांधलेल्या पोरांचा फोटो होता. उजेड आता ती रात्री ठेवायची तेवढा उरला होता. पप्पांची नजर त्या फेट्यांवर स्थिर होती आणि तोंडानं बिबट्या पोहत होता.

"पोहत पोहत तो अलीकडच्या काठाला लागला. म्हंजी तसा आपल्या बाजूलाच आला म्हण."

"दौंडकडं?" अंजना घाबरून म्हणाली. "आन् हे तुम्ही आत्ता सांगताय व्हय? मी कपडे वाळत घालायला मागं जाते रोज!"

"वन विभागाचं लक्ष हाय," पप्पांनी तिला धीर दिला. "घाबरण्याचं कारण न्हाई, असं सांगितलंय." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. "झालं. आज विशेष काही न्हाई पेपरात."

अंजना मेथीची पाटी घेऊन आत गेली. जाताना मागच्या दाराची कडी लावल्याचा आवाज आला.

प्राचीला आपल्याच बोटांची शरम वाटली. बापाची परीक्षा घ्यायची, तीही अशी चोरून. पण शरमेच्या पाठीमागं दुसरं काहीतरी होतं आणि ते मोठं होतं. ती भीती होती. पप्पांना दिसत नाही याची भीती तिला परवापासून होतीच. आत्ताची भीती वेगळी होती. दिसेनासं झाल्यावर पप्पा अडखळले नव्हते.

तिनं मोठा सूर्य दाबला आणि दाबूनच धरला. स्क्रीन उजळत गेली. फेट्यातली पोरं रांगेनं उभी राहिली. पप्पांनी त्यांच्याकडं बघितलं, मग पोरीकडं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला.

"कवाधरनं कमी करत व्हतीस?"

"बिबट्या उसात होता तेव्हापासून."

पप्पा हसायला गेले, पण ते हसू काही जमलं नाही.

"इंजिनात पण असंच वाचता का, पप्पा?" प्राचीनं विचारलं.

मग ते चिडले. चिडणारच. एवढ्या वर्षांची नोकरी, एक डाग नाही, गाडी रुळावरनं चालती आन् रूळ काय पेपरातली बातमी हाय का, सगळा रस्ता पाठ हाय मला, कुठला सिग्नल कुठल्या वळणावर हाय ते झोपेत सांगीन, कालची पोर तू, मला शिकवती. प्राची ऐकून घेत राहिली. सिग्नल कुठं आहे ते पाठ असतं, कुठल्या रंगाचा आहे ते पाठ नसतं. हे तिला त्यांनीच लहानपणी शिकवलं होतं, स्टेशनच्या पुलावर उभं करून. लांबूनच बघावं लागतं, कारण मालगाडीला ब्रेक लावला तरी ती लगेच थांबत नाही, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

"जवळ आला की दिसतो," शेवटी ते म्हणाले. आवाज उतरला होता.

"जवळ म्हणजे किती जवळ?"

"आन् मी काय एकटा असतो व्हय?" थोड्या वेळानं ते म्हणाले. "रुद्र असतो की शेजारी. त्याचे डोळे हायेत ना. सिग्नल दिसला की मोठ्यानं बोलायचा, अशी पद्धतच हाय आमची. असिस्टंट बोलतो, मग ड्रायव्हर बोलतो. त्यानं ग्रीन म्हणलं की मी ग्रीन म्हणायचं. दोघांनी बघितल्याशिवाय गाडी पुढं जात न्हाई. पोरगं मांडवगण फराट्याचं हाय, शेतात वाढलंय, घारीची नजर हाय त्याची."

"दोघांनी बघायचं म्हणून पद्धत आहे ना? मग एकच बघतोय."

"मार्चमधी मेडिकल हाय माझं. तवा काय व्हायचं ते व्हईल. तवर काढतो."

"आज गाडी आहे?"

"संध्याकाळी."

"जाऊ नका, पप्पा."

ते उठून खिडकीपाशी गेले. "मोतीबिंदू काढला की इंजिन सुटलं, असं सगळे म्हणत्यात लॉबीत हजेरी लावताना," ते बाहेर बघत म्हणाले. "मग बसवतील कुठंतरी बाकड्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सह्या घ्यायला. तुझे आबा गँगमध्ये व्हते. रुळावर हातोडा मारायचे उन्हात. गाडी आली की झेंडी घेऊन बाजूला उभं राहायचं, ती गेली की परत रुळावर. ड्रायव्हर वरनं बघायचा पण न्हाई. मी नोकरीला लागलो तवा ते त्याच रुळाच्या कडंला उभे व्हते आन् मी वरनं हात केला. एवढंच मिळवलंय मी."

प्राचीला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. पण रडता रडता ती म्हणाली, "तुम्ही ड्युटीची पेटी घेऊन निघालात तर मी लॉबीत फोन करीन."

"कर," पप्पा म्हणाले आणि आत जाऊन झोपले. ड्युटीच्या आधी झोपायचा त्यांचा नेम होता. तोही त्यांनी पाळला.

दुपारभर प्राची फोन हातात घेऊन बसली. आईला सांगावं म्हणून तिनं एकदा तोंड उघडलं, पण अंजना मागच्या दाराला आडवी काठी लावण्यात गुंतली होती. बापाची चुगली करायची म्हणजे काय, हे तिला त्या दुपारी कळलं. फोन केला तर गाडी थांबेल, आणि पप्पा पुन्हा तिच्याशी सरळ बोलणार नाहीत. नाही केला तर काय होईल, हा विचार ती रुळापर्यंत नेई आणि तिथून मागं फिरे. फोन करायचा, हे तिनं ठरवलं होतं. केला मात्र नव्हता.

उन्हं कलली तेव्हा दारात मोटरसायकल थांबली. रुद्र आला होता, पप्पांना न्यायला. एका हातात हरभऱ्याच्या ढाळ्यांची हिरवीगार जुडी. "काकू, गावाकडनं आणलेत. सकाळीच उपटलेत, गोड हायेत," म्हणत त्यानं ती अंजनाच्या हातात दिली आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला. उंच, काटक, हसऱ्या तोंडाचा तरणा गडी. पप्पा गणवेश घालून बसले होते. पेटी दाराशी होती. अंजनानं चहा आणला आणि ढाळे सोलायला तिथंच बसली.

"आमचे हे काय म्हणत्यात रे कामावर? वरडत्यात का?" तिनं विचारलं.

"सर? छ्या!" रुद्र म्हणाला. "काकू, सरांबरोबर ड्युटी लागली म्हंजी मी निवांत. आधी ज्यांच्याबरोबर व्हतो ते लई तापट. जरा कुठं घाईत बोललो की खेकसायचे, नीट बघ मग बोल. सर कवाच न्हाई. मी बोलतो, सर बोलत्यात, गाडी निघाली." त्यानं दोन दाणे तोंडात टाकले. "आता ह्या धुक्यात लांबनं काय दिसतंय? पहाटं तर समोर नुसती दुधाची पातेली ओतल्यागत. मी आपला अंदाजानं बोलून टाकतो. चुकलं आसंल तर सर बोलतीलच की. पण आजवर एकदाबी त्यांनी माझी चूक काढली न्हाई, म्हंजी बघा. माझी पण नजर बसली आता. पण डोळे म्हणावं तर सरांचे. मी लॉबीत सगळ्यांना सांगतो."

अंजना कौतुकानं हसली. प्राचीनं जमिनीकडं बघितलं. पप्पांकडं बघायचं धैर्य तिला झालं नाही.

"रुद्र," पप्पा म्हणाले.

"जी, सर."

"परवा पहाटं. पुलाच्या अलीकडं. तू डबल यलो बोललास."

"व्हय."

"दिसला व्हता?"

रुद्र हसला, पकडला गेलेला पोरगा हसतो तसा. "खरं सांगू का सर? धुकं लई व्हतं. काहीतरी पिवळं वाटलं. डबल आसंल म्हणलं. मग तुम्ही पण डबल यलो म्हणालात, तवा खात्री झाली."

एकच पिवळा असता तर पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी करायची असते, हे पप्पांनी प्राचीला स्टेशनच्या पुलावरच शिकवलं होतं.

पप्पांनी कप खाली ठेवला. खोलीत तो नवा दिवा दिवसाउजेडीसुद्धा चालू होता आणि त्याच्याखाली त्यांचा चेहरा एकदम थकलेला दिसत होता.

"मी तुझं ऐकून म्हणालो," ते म्हणाले.

रुद्रला कळलं नाही. "म्हंजी?"

"मला दिसला न्हवता. तू म्हणलास म्हणून म्हणालो. रोजच."

अंजनाच्या मांडीवरचे दाणे खाली घरंगळले. रुद्रच्या चेहऱ्यावर हसू अजून तसंच होतं, फक्त आता त्याच्यामागं काही उरलं नव्हतं. "सर, पण मी तर..." एवढंच तो म्हणाला. पुलाच्या अलीकडं, पहाटेच्या धुक्यात, गाडीचं सगळं ओझं मागं घेऊन, त्या इंजिनात कुणालाच काही दिसत नव्हतं. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला आपापल्या वेळेनं कळलं. अंजनाला सगळ्यात शेवटी कळलं आणि तिनं पदर तोंडावर धरला.

"लॉबीला फोन लाव," पप्पा म्हणाले. "आज दुसरा माणूस बघा म्हणावं."

रुद्र चाचरला. "सर, ताप आलाय म्हणून सांगू का? सिकमधी टाकत्यात. काही विचारत न्हाईत तापाला."

"ताप न्हाई. लाव तू फोन, मी बोलतो. मला नंबर दिसत न्हाई त्यातला."

रुद्रनं फोन लावून दिला. प्राची उठून पप्पांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही, पण ते बाजूला सरकलेही नाहीत. पलीकडून फोन उचलला गेला. पप्पांनी नेहमीच्या खणखणीत आवाजात आपलं नाव सांगितलं, आजची गाडी सांगितली आणि म्हणाले, "मी येत न्हाई. मला सिग्नल दिसत न्हाईत."

पलीकडच्या माणसानं काहीतरी विचारलं.

"पावसाळ्यापासनं," पप्पा म्हणाले.

रुद्र दारापर्यंत गेला होता, तो तिथंच उंबऱ्यावर खाली बसला.